नमनाचं तेल

माझ्या लॅपटॉपवर 'कामं' नावाचं एक फोल्डर आहे. आत खर्च, खर्च२, खर्च_नवीन, भिशी, सोसायटी, आंबा असे एकोणीस फोल्डर. 'आंबा' हा देवगडच्या मित्राच्या पेट्या पुण्यात परस्पर विकायच्या बेताचा उरलेला सांगाडा. 'खर्च' तीनदा आहे कारण दर जानेवारीत मला वाटतं की यंदा खर्चाचा हिशोब आपल्याच हाताने बनवलेल्या वेबसाइटवर ठेवावा, आणि दर फेब्रुवारीत मी परत डायरीवर येतो.

यातले निम्म्याहून जास्त प्रकल्प एकाच जागी थांबलेत. जँगोमध्ये, म्हणजे वेबसाइट बनवायच्या तयार साच्यामध्ये, नवा प्रकल्प सुरू केला, त्याचा छोटा सर्व्हर चालू केला आणि ब्राउझरमध्ये आठ हजार नंबरच्या पोर्टवर गेलं की एक पांढरं पान उघडतं. मधोमध एक हिरवं-पांढरं रॉकेट, खाली धूर, आणि इंग्रजीत अभिनंदन: इन्स्टॉलेशन यशस्वी झालं. २०१७ च्या डिसेंबरात आलेल्या २.० आवृत्तीपासून हे रॉकेट आहे. त्याआधी नुसतंच 'जमलं बरं का' अशा अर्थाचं एक साधं पान यायचं. मला ते रॉकेट बघायला आवडतं. इतकं, की त्यापुढे जायची निकड उरत नाही. बायको म्हणते, तुला लग्न ठरवायची हौस आहे, संसाराची नाही. ती हे फोल्डरांबद्दलच म्हणते अशी माझी समजूत आहे.

विसावा फोल्डर मात्र हौसेचा नव्हता.

आमच्या गावात, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी, एक सार्वजनिक वाचनालय आहे. सरकारी प्रतवारीत 'ब' वर्ग. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि त्यावर अनुदान ठरतं, हे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असायचं, कारण तपासणीच्या आधी पुस्तकं झटकायला आम्हीच असायचो. तिथल्या ग्रंथपालबाई मला हाफ पँटीपासून ओळखतात. गणपतीत घरी गेलो तेव्हा त्यांनी हाक मारली. "अरे, तू पुण्यात कॉम्प्युटरचंच करतोस ना? मग आपली पुस्तकं त्यात घाल की." जणू पुस्तकं पोत्यात घालायची आहेत.

'हो' म्हटलं. बाईंना 'नाही' म्हणायची सवय माझ्या पिढीत कुणालाच नाही.

*

नव्या प्रकल्पाचा पहिला अर्धा तास कसा जातो हे या धंद्याबाहेरच्या माणसाला सांगणं अवघड आहे. काहीच झालेलं नसतं आणि सगळं ठरत असतं.

आधी वेगळी चूल मांडायची. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट हे तिचं भारदस्त नाव, पण प्रकार वेगळ्या चुलीचाच. जँगो ज्या पायथन नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत चालतो, त्या मशीनमधल्या थोरल्या पायथनच्या संसारात ढवळाढवळ नको म्हणून या प्रकल्पापुरता डबा-पळी-तवा निराळा घ्यायचा. पूर्वी लोक आळस करून सगळं थोरल्या घरातच शिजवायचे आणि एका प्रकल्पाच्या फोडणीने दुसऱ्याचं दूध नासायचं. आता उबुंटू आणि डेबियन या लिनक्सच्या प्रकारांच्या नव्या आवृत्त्या थोरल्या घरात बाहेरचं काही आणायला गेलं की सरळ दार लावून घेतात. चांगलं करतात.

मग आवृत्ती. मी ५.२ घेतली. सगळ्यात नवी हवी असा मोह होतो, पण ५.२ ही लांब पल्ल्याची आवृत्ती आहे. एप्रिल २०२५ मध्ये आली, तिला एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार. वाचनालयाला दर आठ महिन्यांनी नवी आवृत्ती चढवून द्यायला मी साताऱ्याला जाणार नाही हे मला आणि माझ्या बायकोला दोघांनाही माहीत आहे.

मग नाव. नाव 'टेस्ट' द्यायला गेलं तर जँगो नकार देतो, त्या नावाचा भाग पायथनमध्ये आधीच आहे म्हणून. प्रत्येक नवशिका हेच नाव देतो आणि प्रत्येकाला पहिल्याच पायरीवर ठेच लागते. मी 'वाचनालय' दिलं, रोमन अक्षरांत. आणि कमांडच्या शेवटी टिंब द्यायला या वेळी विसरलो नाही. ते टिंब विसरलं की वाचनालयाच्या फोल्डरात आणखी एक वाचनालय आणि त्याच्या पोटात तिसरं तयार होतं. टिंबाचा अर्थ इतकाच की बाबा रे, इथेच, याच जागेवर बांध. माझे पहिले चार प्रकल्प टिंबाशिवायचे आहेत, उघडताना दर वेळी एक दार जास्त उघडावं लागतं.

सर्व्हर चालू केला. रॉकेट उडालं. आणि टर्मिनलमध्ये ती लाल ओळ आली: अठरा मायग्रेशन (डेटाबेसमधले तक्ते घडवायच्या सूचना) लावायची बाकी आहेत, ती लावेपर्यंत तुमचा प्रकल्प नीट चालेलच असं नाही.

या लाल ओळीने माझं एकदा चांगलंच वाटोळं केलंय.

लाल रंग दिसला की हात आपोआप पुढची कमांड मारतो. 'मायग्रेट' लिहून एंटर दाबलं की डेटाबेसमध्ये सराईतपणे तक्ते तयार होतात, हिरव्या 'ओके'ची रांग लागते आणि जिवाला बरं वाटतं. पण त्या अठरांपैकी बारा एकट्या 'ऑथ'ची, म्हणजे वापरणाऱ्या माणसांच्या खात्यांची असतात. माणूस म्हणजे काय हे त्या क्षणी कायम होऊन बसतं: एक युजरनेम, एक पहिलं नाव, एक आडनाव, एक ईमेल. जँगोच्या माहितीपुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की नवा प्रकल्प असेल तर आधी आपला स्वतःचा 'युजर' बनवा, भले तो सध्या रिकामा असू द्या. नंतर मधेच बदलणं फार अवघड जाईल. मी ते वाचलं होतं. पण वाचलेलं आणि भोगलेलं यात फरक असतो. एका गिऱ्हाइकाच्या कामात मी रिवाजाप्रमाणे आधी मायग्रेट केलं, आणि तीन महिन्यांनी त्यांनी सांगितलं की आमच्या माणसांना ईमेल नाही, मोबाईल नंबरवर लॉगिन हवंय. तोवर प्रत्येक पावती, प्रत्येक नोंद जुन्या युजरच्या तक्त्याला दोरीने बांधलेली. त्या दोऱ्या एकेक सोडून नव्या खुंटीला बांधायला मला सलग नऊ रात्री लागल्या. त्याचे पैसे मागायची लाज वाटली, कारण चूक माझी होती. तीही पहिल्या पाच मिनिटांतली.

तेव्हापासून लाल ओळ आली की मी हात मांडीवर ठेवतो. नमनाला घडाभर तेल, अशी आपल्याकडे चेष्टा करतात. माझं मत उलट झालंय. तेल नमनालाच जाळावं. पुढे वग रंगला की कुणाला दिव्यात बघायला सवड नसते.

म्हणून 'सभासद' नावाचा आपला युजर आधी केला. त्यात वेगळं काहीच घातलं नाही. रिकामा. मग सेटिंग्जची फाईल उघडून वरपासून खालपर्यंत वाचायला घेतली.

*

ही फाईल निवांत वाचण्यासारखी आहे. सहा तयार अ‍ॅप, विनंती आत येताना ओलांडायचे सात उंबरठे, पासवर्ड तपासणारे चार चौकीदार. वरच्या बाजूला एक गुप्त किल्ली असते, तिच्या सुरुवातीलाच 'असुरक्षित' असं लिहिलेलं, म्हणजे ही खऱ्या सर्व्हरवर नेऊ नका. (मी एकदा अशी किल्ली जशीच्या तशी सगळ्या जगाला दिसेल अशा ठिकाणी चढवली होती. त्याबद्दल इतकंच पुरे.)

खाली दोन ओळी असतात. भाषा: अमेरिकन इंग्रजी. वेळ: यूटीसी, म्हणजे जगाची प्रमाणवेळ. भाषेच्या यादीत मराठीचं 'एमआर' आहे, ते टाकलं. वेळेच्या जागी आशिया/कोलकाता टाकायचं राहूनच गेलं, आणि दोन दिवसांनी रात्री एक वाजता चाचणीसाठी एक पुस्तक देवघेवीत टाकलं तर तारीख कालची. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. पहाटे साडेपाचपर्यंत जँगोच्या लेखी अजून कालच असतो. वाचनालय सकाळी आठला उघडतं, त्यामुळे बाईंना हे कधी कळलंही नसतं. रात्री काम करणाऱ्यालाच दिसणारी ही चूक.

गंमत पुढे आहे. ती वेळेची ओळ समूळ खोडली, तर जँगो यूटीसीवरही थांबत नाही, शिकागोचं घड्याळ धरतो. आजही. कारण हा फ्रेमवर्क अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स नावाच्या गावात, एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मला आणि तिथलं घड्याळ शिकागोबरोबर चालतं. लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड हे त्या पेपराचं नाव. २००३ मध्ये तिथे एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे दोघे पेपराच्या वेबसाइटवर काम करत होते. बातमीदारीत वेळ नसतो. संपादकाने सकाळी मागितलेलं पान संध्याकाळी हवं. तेच ते काम पुन्हा पुन्हा करण्यापेक्षा त्यांनी त्याचा साचा केला, आणि २००५ च्या जुलैत तो सगळ्यांसाठी खुला केला. नाव ठेवलं जँगो राइनहार्टवरून. हा जिप्सी गिटारवादक १९२८ मध्ये गाडीला लागलेल्या आगीत भाजला, डाव्या हाताची दोन बोटं कामातून गेली, आणि उरलेल्या दोन बोटांवर त्याने पुढचं बहुतेक वादन केलं. नावातला 'डी' उच्चारत नाहीत. मी दोन वर्षं 'डीजँगो' म्हणत होतो आणि मुलाखतीतही तसंच म्हणालो. नोकरी मिळाली, याचा अर्थ समोरचाही तसंच म्हणत असावा.

पेपरात जन्मल्याच्या खुणा जँगोच्या अंगावर जागोजागी आहेत. नोंदी भरायचं तयार पान, ज्याला अ‍ॅडमिन म्हणतात, ते फुकट मिळतं, कारण उपसंपादकाला प्रोग्रॅमरची वाट न बघता मजकूर टाकता यायला हवा होता. आमच्या वाचनालयाला नेमकं हेच हवं होतं. कॅन्ससमधल्या घाईने साताऱ्यातल्या बाईंचं काम आयतं झालं म्हणा. 'पुस्तक' असा एक तक्ता केला, नाव मराठीत दिलं, पान उघडलं.

पानावर 'पुस्तक'च्या शेपटीला इंग्रजी 'एस' लटकत होता. 'लेखक'लाही, 'विषय'लाही. जँगोचं अनेकवचन सोपं असतं: जे नाव असेल त्याला एस जोड. भाषा मराठी केलेली असो नसो. प्रत्येक तक्त्याला त्याचं अनेकवचन हाताने लिहून दिलं. पुस्तके, लेखक, विषय, सभासद. आपल्याकडे चारातली तीन अनेकवचनात तशीच राहतात, हे लिहितानाच लक्षात आलं.

*

पुढच्या शनिवारी लॅपटॉप घेऊन गावी गेलो. बाईंनी टेबलावरचे अंक बाजूला सारून जागा केली, चष्मा लावला आणि रॉकेट बघून म्हणाल्या, "छान आहे रे. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासारखं."

"बाई, तुमचं खातं काढूया आधी. नाव टाका."

बाई मराठी टायपिंगच्या परीक्षा दिलेल्या. त्यांनी दहा बोटांनी आपलं नाव देवनागरीत टाकलं. त्यांच्या नावात एक वेलांटी आणि एक उकार आहे. एंटर दाबलं. उत्तर आलं: वैध युजरनेम द्या, त्यात फक्त अक्षरं, अंक आणि अमुक पाच चिन्हंच चालतील.

"अक्षरंच तर टाकलीत," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, देवनागरीच चालत नसेल. म्हणून सहज 'कमल' टाकून पाहिलं. चाललं. 'शरद' चाललं. 'मदन' चाललं. 'विमल' नाही. 'सुमन' नाही. वाचनालयातल्या पेपर वाचणाऱ्या दोन आजोबांनी मान वळवली, कारण आम्ही दोघं एकेक नाव मोठ्याने म्हणत होतो आणि कुणाला प्रवेश, कुणाला नाही हे सांगत होतो. काना, मात्रा, वेलांटी, उकार नसलेल्यांनाच दार उघडत होतं.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. युनिकोडने, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या यादीने, आपल्या काना-मात्रांना अक्षरांच्या गटात न ठेवता खुणांच्या गटात ठेवलंय. ते चूक म्हणता येत नाही. वेलांटी एकटी उभी राहात नाही, तिला टेकायला व्यंजन लागतं. चूक त्यापुढची. शब्द ओळखायचा जो ठरलेला नमुना पायथनमध्ये आहे, तो अक्षर आणि अंकच मोजतो, खुणा मोजतच नाही. युनिकोडची स्वतःची शिफारस आहे की शब्द ओळखताना खुणा धरा. इतकंच काय, खुद्द पायथनमध्ये कुठल्याही चलाचं नाव 'पुस्तक' ठेवलं तर बिनतक्रार चालतं, उकार आणि पायमोडक्या 'स्'सकट. म्हणजे एकाच घरात थोरली वेलांटीला पाटावर बसवते आणि धाकटी तिला ओळखही दाखवत नाही.

इथे त्या रिकाम्या 'सभासद' युजरने हात दिला. तो माझा होता म्हणून त्याचा चौकीदार मला बदलता आला. युनिकोडमधला देवनागरीचा अख्खा पट्टा चालेल असं सांगितलं, मायग्रेशन केलं, बाईंना पुन्हा नाव टाकायला लावलं. घेतलं. पासवर्ड टाकताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, त्यामुळे त्यांनी तीनदा विचारलं, "जातंय ना रे?" मग त्यांनी दिलेला पासवर्ड नुसत्या आकड्यांचा म्हणून नाकारला गेला. ते वाचनालयाच्या स्थापनेचं साल होतं, दोनदा. आजोबांपैकी एकांनी तिथूनच ते ओळखलं, त्यामुळे नाकारला ते बरंच झालं.

*

एवढ्यावर भागलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता.

लेखकांची पानं करायची होती. एका लेखकावर टिचकी मारली की त्याची वाचनालयात असलेली सगळी पुस्तकं दिसावीत. अशा पानाच्या पत्त्यात आकड्याऐवजी नाव दिसावं म्हणून जँगोत 'स्लग' नावाची सोय आहे. हाही शब्द पेपरवाल्यांचाच. कचेरीत एखाद्या बातमीला ओळखीपुरतं जे आखूड नाव देतात ते स्लग. जँगोला कुठलंही शीर्षक दिलं की तो त्याचा स्लग करून देतो. मराठी दिलं तर आपणहून काहीच देत नाही, रिकामी ओळ. पण युनिकोडला परवानगी द्या असं एक बटण आहे. ते दाबलं आणि बाईंनी सांगितलेल्या आडनावांवरून लेखक भरायला घेतले.

"हे काय रे?" बाईंनी पत्त्याच्या पट्टीवर बोट ठेवलं. "कळ? कुणाला कळ आली?"

ते काळे होते. काना आणि मात्रा गेल्यावर उरलेले. त्यांच्यामागून कोळी आले आणि त्यांचीही कळच झाली, मग डेटाबेसने हे नाव आधीच आहे म्हणून लाल अक्षरांत हात वर केले. आम्ही खेळ लावला. पाटील: पटल. पटेल: पटल. पटोले: तेही पटल. विषयांची तीच गत. कादंबरी म्हणजे कदबर, कविता म्हणजे कवत, इतिहास म्हणजे इतहस, आणि बालसाहित्याचं जे झालं ते उच्चारताच येईना. शाळा, शिळा, शेळी आणि शाळू चौघं एका पत्त्यावर राहायला गेले. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, मग चष्मा पुसून म्हणाल्या, "तुझे बाबा असते तर त्याला उभा केला असता."

बाबा तालुक्याच्या ट्रेडल प्रेसवर कंपोझिटर होते. लग्नपत्रिका, हॅंडबिलं, पतपेढीचे अहवाल. खिळे जुळवून झाले की ते गॅलीतला उलटा मजकूर एका दमात वाचायचे आणि वाचून झाल्यावर उजव्या हाताचं बोट प्रत्येक ओळीच्या डोक्यावरून हळूच फिरवायचे. लहानपणी मला वाटायचं ते धूळ झटकतात. ते वेलांट्या मोजत असत. वेलांटीचा, रफाराचा खिळा नाजूक. बाहेर झुकलेला भाग आधी मोडतो. मोडलेला डोळ्यांना उलट्या अक्षरांत सुटतो, बोटाला सुटत नाही. एकदा एका पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या नावातली वेलांटी गेली तेव्हा त्यांनी तीनशे पत्रिका पुन्हा छापून दिल्या होत्या, पदरच्या कागदावर. आई महिनाभर बोलत होती.

त्यांच्याकडे वेलांटी झिजून मोडून जायची. माझ्याकडे ती धडधाकट असताना चाळणीतून काढून टाकली जात होती, तेही इतक्या नेमाने, इतक्या सारखेपणाने, की पाटील, पटेल असे एका रांगेत आले नसते तर मला कळलंही नसतं. पेपरात जन्मलेल्या, पेपरचाच शब्द वापरणाऱ्या साधनाने वेलांटी टाकून द्यावी याचा मला राग आला, हे कबूल करतो. मग तो ओसरला. कॅन्ससमधल्या त्या दोघांसमोर संध्याकाळची मुदत होती, वेलांटी नव्हती. ती माझ्यासमोर आहे. मला स्लग करणारं आपलं फंक्शन लिहिता आलं असतं, दहा ओळींचं. लिहिलंही. मग तो शुद्ध, वेलांटीसकटचा पत्ता कॉपी करून बाईंच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तर तिकडे टक्के, ई शून्य, ए चार यांची दीड ओळ पोचली. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह पत्त्यात नऊ रोमन चिन्हांचं होतं.

"हे मी सभासदांना सांगू कसं? फोनवर?" बाई म्हणाल्या. आणि उठून मागच्या कपाटातून एक जाडजूड वही काढली.

दाखल नोंदवही. कापडी पाठ, कोपरे झिजलेले. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, किंमत, शेरा. वाचनालयात पुस्तक आलं की त्याला पुढचा क्रमांक मिळतो आणि तो त्याच्याबरोबर जन्मभर राहतो. पुस्तक हरवलं, फाटलं, वाळवीने खाल्लं, तरी तो क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. शेऱ्यात 'गहाळ' किंवा 'रद्द' लिहायचं आणि पुढे जायचं. तोच आकडा पुस्तकाच्या आतल्या पानावर शिक्क्याखाली, पाठीवरच्या चिठ्ठीवर. मी इतकी वर्षं त्या चिठ्ठ्या बघत आलो होतो.

जँगो एसक्यूलाईट नावाच्या छोट्या डेटाबेसवर नोंदींना आकडे देतो तेव्हा हाच नियम पाळतो: खोडलेल्या नोंदीचा आकडा पुन्हा वापरत नाही. म्हणजे मला हवं होतं ते सगळं या वहीत आमच्या जन्माआधीपासून चालू होतं. स्लगची भानगड मी तिथेच सोडून दिली. पुस्तकाचा पत्ता म्हणजे त्याचा दाखल क्रमांक. लेखकाला साधा आकडा. फोनवर सांगता येतो, पाठीवर लिहिलेला असतो, आणि त्याला वेलांटी नाही.

एक काम उरलं. लेखकांची यादी अकारविल्हे लावली तर 'ळ' लगेच 'ल'च्या मागून येत होता आणि क्षीरसागर 'क'च्या घोळक्यात, खरे-खोतांच्या आधी. यंत्र युनिकोडच्या क्रमाने लावतं. बाई म्हणाल्या, ळ, क्ष, ज्ञ शेवटी. पहिलीत पाठ केल्यासारखं म्हणूनही दाखवलं. ते काम मी माझ्या वहीत लिहून ठेवलंय, अजून केलेलं नाही.

दुपारी दोनला वाचनालय बंद होतं. बाईंनी दार लोटून घेतलं आणि आम्ही वहीच्या पहिल्या पानापासून सुरुवात केली. मी वाचायचं, त्यांनी टाकायचं. त्यांच्या बोटांना वेग आहे, माझीच जीभ मागे पडत होती. शंभरएक पुस्तकं झाल्यावर त्या थांबल्या.

"ते रॉकेट कुठे गेलं रे?"

"ते जातं बाई. आपलं पहिलं पान आलं की जातं."

"असं होय." त्यांनी मानेला थोडा ताण दिला. "चल, वाच."

"दोनशे चौदा," मी वाचलं. लेखकाचं नाव पुसट झालं होतं, शीर्षकही. शेऱ्यात लाल शाईने लिहिलेलं तेवढं स्पष्ट होतं. "बाई, हे गहाळ आहे."

"तरी टाकायचं," त्या म्हणाल्या आणि आकडा टाकला.